चावी कोणाकडे?

शाळेच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर एक आई बसलेली असते. मुलीला अकराला सोडून ती घरी जात नाही, शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबते. मांडीवर एक पिशवी, पिशवीत नळी, साबण, स्वच्छ फडकं आणि पाण्याची बाटली. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती आत जाते, मुलीला स्वच्छतागृहात नेते, दहा मिनिटांत बाहेर येते आणि पुन्हा कट्ट्यावर येऊन बसते. मुलीला स्पायना बिफिडा आहे. गर्भात असतानाच पाठीच्या कण्याचे मणके नीट जुळले नाहीत, त्यामुळे मूत्राशयाच्या नसा काम करत नाहीत. दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. ते चुकलं तर संसर्ग होतो आणि कालांतराने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

हे दहा मिनिटांचं काम आहे. त्यासाठी एका बाईचा अख्खा दिवस जातो, तिची रोजंदारी बुडते. अशा आया गावोगावच्या शाळांबाहेर दिसतात. कोणी आकडी येणाऱ्या मुलासाठी थांबलेली असते, कोणी मुलाला उचलून तीन पायऱ्या चढवण्यासाठी. कुठे आईऐवजी आजोबा असतात. शाळेला त्यांची इतकी सवय होते की ते तिथे का बसले आहेत हे कोणी विचारत नाही.

त्या मुलीला शाळेकडून काय हवं असतं, याची यादी अगदी लहान आहे: आतून कडी लागणारी स्वच्छ जागा, पाणी, साबण, टेकायला बाक आणि दहा मिनिटं उशिरा वर्गात आली तर न ओरडणाऱ्या बाई. नीट शिकवलं तर पुष्कळ मुली सात-आठ वर्षांच्या होईतो हे काम स्वतःच्या स्वतः करू लागतात. बऱ्याच शाळांमध्ये आता दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधलेलंही असतं. दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र असतं आणि दाराला कुलूप असतं. चावी शिपायाकडे असते आणि शिपाई पंचायत समितीत टपाल द्यायला गेलेला असतो.

अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या शाळेतल्या सोयींचा प्रश्न आज बहुतेक ठिकाणी या चावीपाशी येऊन अडकला आहे. कायदा आहे, योजना आहेत, इमारतीही थोड्याफार सुधारल्या आहेत. मात्र अमुक मुलासाठी अमुक वेळी अमुक काम कोण करणार, हे कुठेच लिहून ठेवलेलं नसतं.

कायद्याची बाजू आधी पाहू, कारण पालकांना ती फार कमी सांगितली जाते. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे सगळे त्यात आले. या कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, इमारत आणि इतर सोयी त्याला वापरता येतील अशा करायच्या आहेत आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, हे त्याने आणि त्याच्या पालकांनी ठरवायचं आहे. ‘आमच्याकडे असली मुलं घेत नाही’ असं मुख्याध्यापकांनी म्हणणं म्हणजे कायदा मोडणं आहे.

वाजवी सोय म्हणजे नेमकं काय, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या एका निकालात फार स्पष्ट सांगितलं. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या, नागरी सेवा परीक्षेला बसलेल्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. कारण काय, तर त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या मोजपट्टीत बसत नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठराविक लाभांसाठी आहे. लेखनिकासारखी सोय त्या अटीवर अडवता येणार नाही. सोय प्रत्येकाची गरज पाहून आणि त्याच्याशी बोलूनच ठरली पाहिजे. पुढे १० ऑगस्ट २०२२ ला केंद्र सरकारने, ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या आणि लिहायला अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. शाळेतल्या मुलांच्या पालकांनाही हा निकाल माहीत हवा. ‘टक्केवारी बसत नाही’ हे वाक्य खिडकीखिडकीवर ऐकावं लागतं.

महाराष्ट्रात या कामाची मुळं जुनी आहेत. मुंबईत माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८५ मध्ये निघाली. जय वकील शाळा १९४४ ची. मिठू आलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. तिला सामावून घेईल अशी शाळा देशात सापडेना, म्हणून त्यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा सुरू केली. मालिनी चिब पुढे झेवियर्स कॉलेजात शिकल्या, लंडनला जाऊन त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टाईप करून आत्मचरित्र लिहिलं. त्याच संस्थेने नंतर आपलं नाव अडॅप्ट असं बदललं आणि आपल्या मुलांना नेहमीच्या शाळांत पाठवण्याचं काम हाती घेतलं. विशेष शाळा चालवणाऱ्यांनीच नेहमीच्या शाळांची दारं ठोठावायला सुरुवात केली, ही या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

आज ही दारं ठोठावायची यंत्रणा अशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचं पथक गाडीतून फिरतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुलांची तपासणी होते. काही दोष आढळला तर मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवलं जातं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि स्वावलंबन पोर्टलवरचं यूडीआयडी कार्ड तिथून पुढे मिळतं. दुसरीकडे समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, मुलींना महिन्याला २०० रुपये असा दहा महिन्यांचा विद्यावेतन भत्ता वेगळा. चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, येण्याजाण्याचा खर्च, सोबत्याचा भत्ता हे सगळं या योजनेत बसतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते शाळाशाळांत फिरतात, आणि जे मूल अंथरुणावरून उठूच शकत नाही त्याच्या घरी जाऊन शिकवतात.

त्यांची संख्या मात्र पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक. राज्यांनी ही पदं जाहीर करून भरावीत, असं न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. एका शिक्षकाकडे तालुकाभर पसरलेल्या शाळा असतील तर तो एका मुलाकडे कधी पोचणार? मधले सगळे दिवस त्या मुलाचे वर्गशिक्षकच त्याचे विशेष शिक्षक असतात, त्यांना कोणी तसं सांगितलेलं असो वा नसो.

गडचिरोली किंवा नंदुरबारच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या वर्गाचा विचार करून पाहा. सातवीतला एक मुलगा तासाला दोनदा हात वर करतो, ‘सर, लघवीला जाऊ?’ सर वैतागतात, त्यांना तो टाळाटाळ करतोय असं वाटतं. त्या मुलाला सिकलसेल आहे. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडंन्‌हाडं ठणकतात. शरीरात पाणी कमी पडलं, थंडी लागली, दमछाक झाली की हे दुखणं उसळतं, म्हणून त्याला सतत पाणी पीत राहावं लागतं. वर या आजारात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. पाणी शरीरात टिकत नाही, लघवी वारंवार होते, रात्री अंथरूणही ओलं होतं. टाळाटाळ समजून त्याला बसवून ठेवलं, तर तो पाणी पिणंच सोडून देतो आणि दोन दिवसांनी पाय धरून विव्हळत पडतो.

भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजांत आणि विदर्भातल्या इतरही समाजांत हा आजार आहे. अशा मुलासाठी आश्रमशाळेने करायच्या गोष्टी किती साध्या आहेत! बाकावर पाण्याची बाटली. न विचारता लघवीला जायची मुभा. हिवाळ्यात पहाटे थंड पाण्याची आंघोळ नाही, एक जास्तीचं ब्लँकेट. मैदानावर धावण्याच्या शर्यतीत दम लागला तर थांबायची परवानगी. फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सियुरिया, रोज आठवणीने. ताप आला तर मात्र गोळी देऊन झोपवायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं, कारण या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि साधा संसर्ग जिवावर बेततो. यातल्या जवळजवळ कशालाही निधी मंजूर करून घ्यावा लागत नाही. गृहपालांना, स्वयंपाकघरातल्या मावशींना आणि पीटीच्या सरांना हे माहीत असलं पाहिजे, एवढंच. आणि बदली होऊन नवे गृहपाल आले की त्यांनाही.

टाइप वन मधुमेह आणि मिरगी ही नावं २१च्या यादीत नाहीत. म्हणून शाळेची जबाबदारी संपते असं कोणी समजू नये. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर खेळाच्या तासानंतर झपकन खाली येऊ शकते. ती ७० च्या खाली गेली की मूल घामाघूम होतं, हात थरथरतात, कधी चिडचिडतं, कधी नुसतं शून्यात बघत बसतं. त्या क्षणी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. ‘ऑफिसात जाऊन बस’ असं सांगून त्याला जिन्यावरून एकटं धाडणं धोक्याचं आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना या मुलांची काळजी घेण्याबद्दल लिहिलं. सीबीएसईने २०१७ मध्येच दहावी-बारावीच्या परीक्षेत मधुमेही मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची परवानगी दिली होती.

आकडीचं तर विचारूच नका. मूल पडलं की वर्गात कोणी चप्पल हुंगवतं, कोणी कांदा आणायला धावतं, कोणी दातखीळ सोडवायला चमचा घालतं. चमच्याने दात मोडतात आणि तुकडा घशात जाऊ शकतो. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर किंवा रुमाल द्यायचा, आजूबाजूची बाकं सरकवायची आणि घड्याळ बघायचं. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेली तर १०८ला फोन करायचा. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो द्यायचा. तो फवारा शाळेत कुठे ठेवला आहे, कपाटाला कुलूप आहे का, द्यायचा कसा हे किमान दोघांना ठाऊक हवं, कारण एक जण रजेवर असतो. चावीचा प्रश्न इथे मिनिटांवर येतो.

अध्ययन अक्षमता बाहेरून दिसतच नाही, त्यामुळे त्या मुलांवर सर्वांत जास्त अन्याय होतो. मूल बोलायला चुणचुणीत, तोंडी गणित पटापट करणारं, पण जोडाक्षर आलं की अडखळणारं, फळ्यावरचं उतरवताना ओळ गाळणारं. त्याला ‘आळशी’ म्हणण्यात दोन-तीन वर्षं जातात. मुंबईच्या सायन रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांच्या विशेष ओपीडीत या मुलांची चाचणी होते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या ‘डाली’ चाचण्यांत मराठीही आहे, हे महत्त्वाचं; मराठीत शिकणाऱ्या मुलाची परीक्षा इंग्रजी शब्दांवर घेऊन काय कळणार? केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळ, लेखनिक, गरजेप्रमाणे कॅल्क्युलेटर या सोयी त्यावर मिळतात. दहावी-बारावीसाठी शाळेने मुलाचा प्रस्ताव कागदपत्रांसह वेळेत विभागीय मंडळाकडे पाठवावा लागतो, आणि गडबड नेमकी इथे होते. सवलतीची कागदपत्रं फेब्रुवारीत शोधली जातात, तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं. नववीतच हे काम हाती घेतलं तर रुग्णालयाच्या तारखा, बोर्डाची मुदत आणि लेखनिक शोधणं, सगळं बसतं. लेखनिकाबरोबर आधी सराव करणंही जरुरीचं आहे. उत्तर मनात तयार असूनही दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे.

उताराबद्दलही दोन शब्द. नियम एकास बाराचा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उतार अठरा फुटी व्हायला हवा. पाच फुटांत उरकलेला उतार पाहणी अहवालात ‘आहे’ म्हणून लिहिला जातो. प्रत्यक्षात त्यावरून खुर्ची मागे घसरते. अठरा फूट जागाच नसेल, तर त्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणा. त्याला पैसे लागत नाहीत, वेळापत्रक करताना आठवण लागते.

अमेरिकेत गेलेली मराठी कुटुंबं तिथल्या शाळांबद्दल बोलतात तेव्हा एक शब्द हमखास येतो: आयईपी. १९७५च्या कायद्यातून आलेला हा प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा. शाळा, तज्ज्ञ आणि पालक एका टेबलाशी बसून तो करतात. सेवा कोणत्या तारखेला सुरू होणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं आणि कुठे, हे त्यात लिहावं लागतं. दरवर्षी त्याचा आढावा होतो. ज्यांना वेगळ्या शिकवणीची गरज नाही, फक्त इन्सुलिन किंवा फवाऱ्यासारखी सोय हवी, त्यांच्यासाठी १९७३च्या कायद्यातल्या कलम ५०४ खाली दुसरा आराखडा असतो. तिथेही पालकांना भांडावं लागतं, पण भांडायला हातात एक सह्या केलेला कागद असतो. आपल्याकडच्या समावेशित शिक्षणातही वैयक्तिक आराखड्याची कल्पना आहेच. ती फायलीत न राहता वर्गशिक्षकाच्या टेबलावर आली पाहिजे.

पालकांनी सुरुवात साध्या अर्जाने करावी. मुख्याध्यापकांच्या नावे एक पान. वर मुलाचं नाव आणि इयत्ता, खाली निदान दोन ओळींत, मग नेमकी मागणी: काय, किती वाजता, कोणी. डॉक्टरांचं पत्र सोबत. त्यात आजाराचं इंग्रजी नाव पुरत नाही, शाळेत काय करायचं आणि काय करायचं नाही हे साध्या मराठीत असावं. बहुतेक डॉक्टर मागितलं तर लिहून देतात. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का, म्हणजे पोच, घ्यायला विसरू नये. तोंडी बोलणं मुख्याध्यापकांची बदली झाली की हवेत विरतं, पोच राहते. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं, आणि तिथेही दाद लागली नाही तर दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडे. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तिथवर जायची वेळ फार थोड्यांवर यावी. बहुतेक शिक्षक मदत करायला तयार असतात, पण त्यांना भीती वाटते: ‘आमच्या हातून काही झालं तर?’ लेखी सूचना आणि पालकांची संमती हातात असली की ती भीती बरीच ओसरते. परिचारिकेने किंवा आईने एकदा शाळेत येऊन अर्धा तास दाखवलं तर उरलेलीही.

ते पान एकदा करून भागत नाही. जूनमध्ये इयत्ता बदलते, वर्गशिक्षक बदलतात, वर्ग कधी पहिल्या मजल्यावर जातो. मुलीचं वजन वाढतं, गोळीचा डोस बदलतो, नळीचा आकार बदलतो. म्हणून शाळा उघडायच्या आठवड्यातच वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पालक आणि जमलं तर गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक यांनी अर्धा तास बसून ते नव्याने लिहावं. मूल तिसरी-चौथीच्या पुढे असेल तर त्यालाही बसवावं. कोणत्या बाईंना सांगायला लाज वाटत नाही, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. सहलीचा दिवस, स्नेहसंमेलनाच्या तालमी, परीक्षेची बैठक व्यवस्था यांच्या ओळी त्यात असाव्यात. आणि शनिवारची एक वेगळी ओळ. शनिवारी शाळा सकाळची भरते, न्याहारीची आणि इन्सुलिनची वेळ पुढेमागे होते, नळीची वेळ साडेनऊच्या सुट्टीत येते. त्या दिवशी शिपाई उशिरा येत असेल, तर स्वच्छतागृहाची चावी शुक्रवारी संध्याकाळीच वर्गशिक्षिकेकडे द्यायची, असं तिथे नाव घालून लिहायचं.